मेंदूपेशींचा पोत : आकडे नेमके कशाचे?

भिवंडीच्या निजामपुरा परिसरात यंत्रमागावरून उतरलेल्या ग्रे कापडाचा तागा तपासणारा कामगार एकेक धागा मोजत बसत नाही. कापड उजेडावर धरले, की वीण कोठे विरळ झाली, उभा धागा कोठे तुटला हे त्याला नजरेनेच कळते. तो पाहतो तो कापडाचा पोत. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप पाहणारा विकृतिशास्त्रज्ञही पुष्कळदा हेच करतो. ही नजर आकड्यांत उतरवण्याचा प्रयत्न म्हणजे प्रतिमेच्या पोताचे विश्लेषण. डोक्याला जबर मार बसल्यावर मेंदूपेशींत होणारे बदल मोजण्यासाठी ही पद्धत वापरली जाते. पद्धत चांगली आहे; तिच्या नावावर केले जाणारे सगळे दावे मात्र तितके चांगले नाहीत.

पद्धतीचे मूळ मेंदूत नाही. रॉबर्ट हॅरालिक, के. शन्मुगम आणि डिनस्टाइन यांनी १९७३ साली ती मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर वालुकाश्मांची सूक्ष्मचित्रे, विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि उपग्रहाची चित्रे होती. वालुकाश्मांचे पाच प्रकार त्यांना ८९ टक्के अचूकतेने ओळखता आले. कल्पना वर्गात फळ्यावर दाखवण्याइतकी सोपी आहे. चार बाय चार चौकटींचा एक बुद्धिबळाचा पट काढा. दुसऱ्या तशाच चौकोनात डावे दोन स्तंभ काळे व उजवे दोन पांढरे ठेवा. दोन्हींत आठ काळी, आठ पांढरी घरे. म्हणजे सरासरी काळेपणा सारखाच. आता आडव्या शेजारांच्या जोड्या पाहा. एकूण १२ जोड्यांपैकी पटात बाराही जोड्या विषम, तर दुसऱ्या चित्रात फक्त चार. शेजारच्या बिंदूंची ही तफावत म्हणजेच पोताचे एक माप. दुसऱ्या चित्रात उभ्या जोड्या मोजल्या, तर विषम जोडी एकही नाही! दिशा बदलली की उत्तर बदलते, हे येथेच लक्षात ठेवलेले बरे.

मेंदूपेशींना हे लागू पडते, याला जुना आधार आहे. फ्रान्झ निसल यांनी १८९२ साली सशाच्या चेहऱ्याची चेतातंत्रिका उपटून, तिच्या मूळ पेशींत काय घडते ते पाहिले. निरोगी पेशीत रंगाने ठळक दिसणारे पुंजके विखुरले आणि पेशी एकसारखी फिकट दिसू लागली. हे पुंजके म्हणजे प्रथिने बनवणारी यंत्रणा, हे पुढे कळले. पुंजके विखुरणे म्हणजे शेजारच्या बिंदूंतील तफावत घटणे. येथे आकड्याला जीवशास्त्रीय अर्थ आहे, म्हणून तो मोलाचा. डोळ्याला न जाणवणारा सूक्ष्म बदलही संगणक असा टिपू शकतो, आणि तो सकाळी एक व सायंकाळी दुसरे सांगत नाही.

अडचण येते ती आकड्याचा अर्थ न लावता त्यावर विसंबण्यात. मेंदूपेशींच्या अभ्यासात ‘काळ्या पेशी’ प्रसिद्ध आहेत : आक्रसलेल्या, गडद रंगलेल्या. इजेने पेशी अशा होतात, हे खरे. पण नीट स्थिरीकरण होण्यापूर्वी मेंदू हाताळला, दाबला गेला, तरीही पेशी अशाच दिसतात, हे कामरमायर यांनी १९६०च्या सुमारास दाखवले. संगणक दोहोंना एकच आकडा देईल! इजा झालेला मेंदू मऊ पडलेला असतो, काढताना अधिक दबतो. मग आपण मोजला तो अपघात, की चिमट्याचा दाब? कापाची जाडी, रंगद्रव्यात ठेवलेला वेळ, दिव्याचा उजेड, किंचित हुकलेला फोकस, या प्रत्येकाने पोत बदलतो. चित्र जेपेग स्वरूपात साठवले, तर आठ बाय आठ बिंदूंच्या ठोकळ्यांची छाया त्यात राहते. तीही पोत म्हणून मोजली जाते.

दुसरी हरकत संख्याशास्त्राची आहे आणि ती मला अधिक गंभीर वाटते. हॅरालिक यांनी १४ मापे सुचवली. चौदाही तपासली आणि प्रत्येकाला पाच टक्के चुकीची मुभा दिली, तर प्रत्यक्षात काहीही फरक नसताना निदान एक माप ‘फरक आहे’ असे म्हणण्याची शक्यता, मापे परस्परांपासून स्वतंत्र धरल्यास, ५१ टक्के येते. म्हणजे नाणेफेकच. (मापे परस्परांशी निगडित असल्याने प्रत्यक्ष आकडा कमी असेल, पण अंतरे आणि दिशा बदलून पाहण्याची सोय तो पुन्हा वाढवते.) शिवाय सहा उंदरांच्या हजार पेशी मोजल्या म्हणून नमुने हजार होत नाहीत. एका ताग्याच्या हजार ठिकाणी पाहिले, तरी तपासणी एकाच ताग्याची होते.

अशा अभ्यासाची बातमी वर्गात आली, तर विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न जरूर विचारायला लावावेत. प्राणी किती होते? इजा झालेले व न झालेले काप एकाच वेळी, एकाच भांड्यात रंगवले होते का? मोजणाऱ्याला कोणता काप कोणाचा हे ठाऊक होते का? कोणते माप पाहायचे हे आधी ठरवले होते, की नंतर निवडले? आणि रुग्णालयाचा संदर्भ आला, तर आणखी एक : जिवंत रुग्णाच्या सीटी स्कॅनमध्ये एकेक पेशी दिसतच नाही. तेथे मोजलेला पोत ऊतीचा असतो, पेशीचा नव्हे.