‘स्वयंजुळणी’ : एका संज्ञेची चिकित्सा

शुगुआंग झांग यांनी २००३ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात लिहिलेल्या लेखात, आपोआप जुळणाऱ्या पेप्टाइडांपासून जैवसामग्री कशी घडविता येते याचे विवेचन आहे. त्यातील रसायनाची परीक्षा तज्ज्ञांनी करावी. परंतु पेप्टाइडांना दिलेली ‘लेगो’ ठोकळ्यांची उपमा आणि संज्ञेतील ‘स्वयं’ हे पद यांचा विचार भाषाभ्यासकाच्या कक्षेत येतो. ही सामग्री जखमेवर वापरली जाते. तेथे शब्दांची ढिलाई परवडत नाही.

उपमेचे सामर्थ्य प्रथम मान्य केले पाहिजे. झांग व त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली वर्णिलेले ईएके१६ हे पेप्टाइड म्हणजे सोळा अमिनो आम्लांची आखूड साखळी, एक लहान बहुवारिकच होय. तीत जलविरोधी अ‍ॅलानिन आणि विद्युतभारित आम्ले एकाआड एक येतात. साखळी सरळ पसरली की तिची एक बाजू पाणी टाळते, दुसरीवर धन व ऋण भार राहतात. शेजारच्या साखळ्या या भारांनी एकमेकींत बसतात. खुंटी आणि खाच यांचे साम्य येथपर्यंत यथार्थ आहे.

पुढे मात्र ते टिकत नाही. ईएके१६च्या दुसऱ्या व चौथ्या प्रकारांत घटक तेच व तितकेच आहेत; केवळ भारांचा क्रम निराळा. तथापि उदासीन सामूच्या आसपास दुसऱ्याचे तंतू होतात, तर चौथ्याच्या साखळ्या वाकून गोलसर पुंजके बनतात. सामू बदलताच त्याचेही तंतू होतात. ‘रस’ आणि ‘सर’ यांची आठवण व्हावी, असा हा प्रकार. परंतु शब्दाचा अर्थ संकेताने ठरतो, येथील आकार विद्युत्‌बलाने आणि माध्यमाने. ठोकळ्याचा आकार माध्यमाप्रमाणे बदलत नाही. उपमेत नेमके माध्यमच गळून पडते.

‘स्वयं’ या पदानेही हाच दोष संभवतो. मराठीत ‘जुळणे’ अकर्मक, ‘जुळविणे’ सकर्मक. ‘जुळणी’ मात्र दोहोंकडे झुकते. छापखान्यातील अक्षरजुळणी कंपोझिटर करीत असे. पेप्टाइडातील आम्लांचा क्रम रसायनज्ञ जुळवितो. तयार साखळ्या मग परस्परांशी जुळतात. ‘स्वयं’ची व्याप्ती या दुसऱ्या क्रियेपुरतीच आहे, आणि तीही अटींवर अवलंबून. रक्तस्राव थांबविण्यासाठी वापरात असलेले आरएडीए१६ हे पेप्टाइड आम्लधर्मी द्रावणात प्रवाही राहते. रक्तातील क्षार व उदासीन सामू यांच्या संपर्कात आल्यावरच त्याचा जेल होतो.

म्हणून संज्ञा टाकण्याचे कारण नाही. ‘स्वयंसंघटन’पेक्षा ‘स्वयंजुळणी’ निश्चितच बरी, कारण संघटनेमागे हेतू गृहीत धरला जातो. परंतु प्रबंधात ‘रेणू स्वतःच जुळतात’ एवढे लिहून थांबणे म्हणजे निष्कर्ष नव्हे. कोणत्या क्रमाचे, किती संहतीचे, कोणत्या सामूस व कोणत्या क्षारांच्या सान्निध्यात, हे सांगितल्यावाचून त्या वाक्याला शास्त्रीय अर्थ येत नाही.