छायाचित्र कामगाराचे, कागद कुणाचा?

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातल्या कलाविद्यार्थ्यांचा छायाचित्रणात हात चांगला बसला आहे. उपयोजित कलेचे शिक्षण आकुर्डीतच मिळते आणि विषय तर दाराशीच आहेत: शिफ्ट सुटल्यावरच्या कंपनीच्या बसगाड्या, इंद्रायणीवरचा फेस, चाकणच्या चौकातली कोंडी, एका खोलीत दाटीने राहणारी परप्रांतीय पोरे. तरीही पुष्कळशी छायाचित्रे एकाच छापाची वाटतात. पाठमोरा कामगार, कचरा वेचणारे मूल, म्हातारीच्या सुरकुत्या. यात छायाचित्र काढणाऱ्याचा जीव कुठे गुंतला आहे, हे मात्र उमगत नाही.

सुधारक ओलवे यांची मुंबईतल्या सफाई कामगारांची छायाचित्रे इथे मुद्दाम पाहावीत. त्यांत माणूस गटारापुरता उरत नाही. त्याचे घर, त्याचे कुटुंबही दिसते. आपल्या मुलांना तर हा माणूस शोधायला लांब जायला नको. अनेकांचे वडील कंत्राटावर राबतात, आई पॅकिंगला जाते. खासगी आणि सामाजिक या दोन विषयांमध्ये इथे भिंतच नाही. ही जमेची बाजू विद्यार्थी संकोचाने झाकून ठेवतात.

छायाचित्र ज्यावर छापता येईल त्या हातकागदाची स्थिती आणखी अवघड आहे. तो फुलांच्या पाकळ्या घातलेल्या डायऱ्या आणि शुभेच्छापत्रांत अडकला आहे. वास्तविक चाकणवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्याने पुढे गेले की जुन्नर जवळ येते, आणि जुन्नरी कागदाचा एकेकाळी दबदबा होता. पुण्यात के. बी. जोशी यांनी 1940 मध्ये हातकागद संस्था उभी केली. तिथे सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनत आला. चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर यांनी 1970 च्या दशकात याच माध्यमाला वेगळी भाषा दिली. ‘जखमा’ या मालिकेत त्यांनी पांढऱ्या लगद्यावरच व्रण उठवले. चित्र आणि कागद त्यांत वेगळे काढताच येत नाहीत.

आपल्याकडेही हे जमण्यासारखे आहे. कारखान्यातले जुने सुती हातमोजे धुऊन, कातरून, कुटून लगदा करता येतो. टेरिकॉटचा गणवेश चालत नाही, त्यातले पॉलिस्टर कुटले जात नाही. तेल नीट निघाले नाही तर डाग उरतो आणि त्यावर छपाईचे रसायन धरत नाही. कागदाला खळ कमी पडली तर तो धुताना फाटतो. अशा कागदावर सायनोटाइप करावा. 1842 मध्ये जॉन हर्शेल यांनी शोधलेली ही निळी छपाई उन्हात होते आणि साध्या पाण्यात धुतली जाते. कारखान्यांचे आराखडे याच रसायनाने ब्लूप्रिंट म्हणून छापले जात. ज्या छपाईने यंत्रांचे भाग नोंदवले, तिनेच आता वडिलांचे हात नोंदवावेत, तेही त्यांच्याच हातमोज्यांच्या कागदावर. असे काम पाहणारा विषयाचे नाव न वाचताही ओळखेल.

त्यासाठी शिक्षकांनी गुण देताना तयार छापाइतकेच मोल कागद कसा झाला यालाही द्यायला हवे. आणि प्रदर्शन पुण्याच्या दालनांपुरते न ठेवता कंपनीच्या कँटीनमध्ये, वस्तीतल्या समाजमंदिरात मांडायला हवे. ज्यांच्या आयुष्यावर हे काम उभे आहे, त्यांनी ते पाहून ‘हे आमचेच’ किंवा ‘हे खोटे’ म्हणावे. या पट्ट्यातल्या कलेला याहून खरा समीक्षक मिळणार नाही.