शिकारीचे निमित्त

शिकारीच्या पुस्तकांची एक ठरीव रीत आहे. शिकारी, बंदूक, जनावर आणि अखेरीस भिंतीवर टांगलेली शिंगे, एवढ्यात त्यांचा संसार आटोपतो. हिंदुस्थानात आलेल्या साहेबलोकांनी या रीतीची पुस्तके ढिगांनी लिहिली. त्यांतील खानसामे, हाकेवाले आणि गावकरी बहुधा झाडाझुडपांइतकेच मुके असतात. एलिनोर प्रुइट स्टुअर्ट या अमेरिकन बाईंचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘लेटर्स ऑन ॲन एल्क हंट’ हे पुस्तक नाव पाहून याच रांगेत बसविण्याचा मोह होतो. परंतु त्यातील चौदा पत्रांपैकी ‘शिकार’ हे शीर्षक ज्यावर आहे ते पत्र सातवे आहे, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे जे आहे ते बहुतेक माणसांविषयीचे आहे. पुस्तकाचे बरेवाईट ठरवावयाचे ते या प्रमाणावरूनच, असे आम्हांस वाटते.

लेखिकेची हकीकत थोडक्यात अशी. डेन्व्हर शहरात कोनीबाई नावाच्या एका वृद्ध विधवेच्या घरी धुणेपाणी आणि घरकाम करणाऱ्या या बाई १९०९ साली आपली लहान मुलगी घेऊन वायोमिंग प्रांतातील बर्न्टफोर्क येथे क्लाइड स्टुअर्ट या विधुर स्कॉटिश पशुपालकाकडे घर सांभाळावयास गेल्या. तेथून त्यांनी जुन्या मालकिणीस लिहिलेली पत्रे ‘अटलांटिक मंथली’त छापली गेली आणि १९१४ साली ‘लेटर्स ऑफ अ वुमन होमस्टेडर’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. त्यांचा बोलबाला झाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस नवरा, शेजारीपाजारी आणि स्नेही मिळून एल्कच्या शिकारीस निघाले, आणि त्या प्रवासाची पत्रेही कोनीबाईंच्याच नावे आहेत.

एल्क म्हणजे अमेरिकेतील वापिटी. आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणावा असे हे जनावर. एकाच्या मांसात एखाद्या कुटुंबाचा हिवाळा निघावा, एवढे ते मोठे. डोंगराळ मुलखातील कुटुंबे शरद ऋतूत सामानाच्या गाड्या जोडून शिकारीस निघत ती हौसेने, तशीच कोठीच्या विचारानेही. हे ध्यानी घेतले म्हणजे पुस्तकाच्या आरंभीचा एक लहानसा प्रसंग किती मार्मिक आहे ते कळते. निघण्यापूर्वी स्टुअर्टबाई टेलिफोनवरून लाउडररबाई या आपल्या जर्मन शेजारणीस बरोबर चलण्याचा आग्रह करतात. ती आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत साफ नकार देते. थंडीने गारठायचेच असेल तर इथल्याच दगडांवर निजता येईल. रानाचा वास हवा असेल तर काठीने सेजचे झुडूप झोडपले की झाले. आणि मांसच हवे असेल तर गोठ्यातले जनावर कापावे, ते एल्कपेक्षा चवीला चांगले! लेखिका हसून म्हणते की या बाईंचे माझे प्रेम फार, पण त्यांस कल्पनाशक्ती मुळीच नाही.

आमच्या मते, लाउडररबाईंच्या नकारात सगळ्या शिकार-वाङ्मयाची परीक्षा आहे. जायचे कशाला? या प्रश्नाचे उत्तर पुस्तकानेच द्यावयास हवे. आणि स्टुअर्टबाई ते देतात, मात्र एल्कच्या द्वारा नव्हे. ईडन व्हॅलीतील नवी वसाहत, वेडा ओलाफ, डॅन्यूल आणि त्याची आई, एलिझाबेथची प्रेमकथा, बडी आणि धाकटी मुलगी ही पत्रांची नावेच पाहावी. गाडी जेथे मुक्कामास थांबते तेथे एक चूल, चुलीभोवती एक दुःख आणि त्या दुःखात हात घालणाऱ्या ओशॉनेसीबाईंसारख्या बायका. एरवी ज्या घरांत पाऊल पडले नसते त्या घरांत शिरण्याचा परवाना म्हणजे ही शिकार. शिकारीच्या पुस्तकाचा मुख भाग चूल व्हावी, हे स्टुअर्टबाईंच्या लेखणीचे खरे सामर्थ्य होय.

परंतु येथेच दुसरी बाजू सांगणे भाग आहे. पहिल्या पुस्तकात आपले पहिले बाळ गेल्याचे त्यांनी लिहिले आहे: बापाने स्वतः पेटी बनविली, आईने स्वतः तिला अस्तर लावून ती सजविली, आणि धर्मगुरू नसल्याने प्रार्थनाही घरच्या घरीच झाली. एवढेच, अश्रूंचा हिशेब नाही. दुसऱ्या पुस्तकात असे एकही पान आम्हांस आढळले नाही. येथे संकट आले की मंडळी वेळेवर पोहोचतातच, चुकलेले प्रेमी भेटतातच. निघतानाच लेखिका कोनीबाईंस सांगते की दर दोन दिवसांनी लिहीन, प्रवासाचा जेवढा भाग कागदावर उतरेल तेवढा उतरवीन. हे मैत्रिणीस दिलेले वचन खरे. पण मैत्रिणीच्या खांद्यावरून आता मासिकाचे हजारो वाचक डोकावत आहेत, हे लिहिणारीस पक्के ठाऊक आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून ज्यांचा कान तयार झाला आहे अशा मराठी वाचकांस बाई केव्हा बोलते आणि केव्हा लिहिते हा फरक समजावून सांगावयास नको.

कित्येक टीकाकार याहून पुढे जाऊन विचारतात की हे खरे तरी कितपत? १९९२ साली सुझान जॉर्ज यांनी प्रसिद्ध केलेल्या चरित्रावरून दिसते की, एकटी बाई जमीन कमावू शकते असा डंका पिटणाऱ्या या लेखिकेने जमिनीचा अर्ज केल्यावर थोड्याच दिवसांत मालकाशी विवाह केला, आणि १९१२ साली तो हक्क सोडून दिल्यावर ती जमीन सासूच्या नावे झाली. विवाहाची गोष्ट कोनीबाईंपासूनही त्यांनी पुष्कळ दिवस लपविली होती व पुढे पत्रातच तशी कबुली दिली. हे दोष खरे आहेत. तरीही जमिनीच्या दाव्याविषयीचा संशय लाउडररबाईंच्या बोलण्यावर लादणे आम्हांस मान्य नाही. काठीने झुडूप झोडपण्याची ती सूचना कोणी पदरची घातली असेल, तर ती घालणारी कसलेली कथालेखिका म्हटली पाहिजे.

आमचा खरा आक्षेप निराळा आहे. दहावे पत्र दातांच्या शिकाऱ्यांवर आहे. एल्कच्या वरच्या जबड्यात हस्तिदंतासारखे दोन दात असतात. ‘एल्क’ हेच नाव धारण करणाऱ्या एका सुखवस्तू मंडळाचे सभासद ते घड्याळाच्या साखळीस अडकवीत, आणि त्यापायी मुडदे तसेच टाकून केवळ दात उपटून नेणाऱ्या टोळ्या निर्माण झाल्या. मांसासाठी मारणारा आणि दातासाठी मारणारा यांतील भेद येथे आपोआप उभा राहतो. पुस्तकातील सर्वांत गंभीर विषय हाच. परंतु त्याच्या लगेच अलीकडचे नववे पत्र ‘इंडियन छावणी’चे आहे, आणि ही दोन पत्रे शेजारी असूनही एकमेकींशी बोलत नाहीत. बर्न्टफोर्कपासून फार दूर नसलेल्या फोर्ट ब्रिजर येथे १८६८ साली झालेल्या करारान्वये शोशोनी व बॅनक लोकांस मोकळ्या सरकारी मुलखात शिकारीचा हक्क मिळाला होता. १८९५ साली रेस हॉर्स नावाच्या बॅनक गृहस्थावर सात एल्क मारल्याचा आरोप ठेवण्यात आला, आणि १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, वायोमिंग राज्य झाले तेव्हाच तो हक्क संपला असा निकाल दिला. पुढे २०१९ साली, हेरेरा नावाच्या क्रो जमातीच्या शिकाऱ्याच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने हे तत्त्व मोडीत काढले. तो खटलाही एल्कच्याच शिकारीवरून उद्भवला होता.

म्हणजे ही आनंदी मंडळी ज्या डोंगरात बिनघोर तंबू ठोकून बसली, तेथे एल्क कोणाचा हा वाद निकालानंतर अठरा वर्षांनीही मनांतून गेलेला नसणार. चुलीपाशी बसून कोणाचेही दुःख जाणून घेणाऱ्या बाईंनी त्या छावणीतही हाच प्रश्न विचारला असता, तर दातांच्या शिकाऱ्यांवरील त्यांच्या रोषास वेगळेच वजन आले असते. या पुस्तकाची नवी आवृत्ती काढणाऱ्याने निदान नवव्या पत्राखाली एक सविस्तर टीप घालावी, आणि दोन्ही पुस्तके एकत्र बांधावी; कारण बाळाच्या मृत्यूचे ते पत्र वाचल्यावाचून शिकारीच्या पत्रांतील हसण्याची किंमत वाचकास कळणार नाही.