‘सहा ग्रे’ म्हणजे नक्की किती?

पाककृतीत ‘मीठ चवीपुरते’ असे लिहिलेले चालते. शोधनिबंधात चालत नाही. तरीही जीवशास्त्राच्या अनेक शोधनिबंधांत प्रारणाचे वर्णन एका वाक्यात आटोपलेले आढळते: ‘पेशींना सहा ग्रे मात्रा देण्यात आली.’ पेशी कोणत्या द्रवात वाढवल्या, रसायने कोणत्या कंपनीची होती, हे मात्र त्याच निबंधात तपशीलवार असते. ज्याचा परिणाम तपासायचा, त्याच्याच बाबतीत ही काटकसर का?

ग्रे हे १९७५ साली स्वीकारलेले एकक. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की ती मात्रा एक ग्रे. व्याख्या सोपी, मापन अवघड. सहा ग्रे मात्रेने पाण्याचे तापमान जेमतेम ०.००१४ अंश सेल्सिअसने वाढते. नेहमीच्या तापमापकाला याचा पत्ताही लागणार नाही. पण एवढीच मात्रा माणसाच्या सर्व शरीराला मिळाली, तर उपचारांवाचून तो दगावण्याचीच शक्यता अधिक. म्हणून येथे आयनीभवन कक्षासारखी खास उपकरणे लागतात.

प्रत्यक्षात पुष्कळदा मोजमाप होतच नाही. यंत्राजवळच्या तक्त्यावरून ‘सहा ग्रेसाठी इतकी मिनिटे’ असा हिशेब होतो. स्रोत सीझियम-१३७ असेल, तर त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. तक्ता दहा वर्षांपूर्वीचा असेल आणि दुरुस्ती केली नसेल, तर कागदावरचे सहा ग्रे प्रत्यक्षात ४.८ च्या आसपास भरतात. क्ष-किरण नळीपासून ५० सेंटिमीटरवर ठेवायची बशी ४५ सेंटिमीटरवर आली, तर व्यस्त वर्गाच्या नियमाने मात्रा सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांत बशी काचेची की प्लॅस्टिकची, यानेही फरक पडतो. कारण काचेतून उडालेले इलेक्ट्रॉन तळाशी चिकटलेल्या पेशींना जादा मात्रा देतात.

‘थोड्या फरकाने काय बिघडते?’ असे कोणी विचारील. किती पेशी तगतील हे सांगणाऱ्या रूढ समीकरणात नमुन्यादाखल आल्फा ०.३ आणि बीटा ०.०३ घेऊन पाहा. सहा ग्रेला शंभरातील ५.६ पेशी तगतात, ६.६ ग्रेला ३.७. मात्रेत दहा टक्के चूक, तर निकालात एक तृतीयांश! एवढा फरक एखाद्या नव्या औषधाचा गुण म्हणून सहज छापला जाऊ शकतो.

ही टीका करताना स्वतःला वगळणे बरे नव्हे. आमच्या प्रयोगशाळेत दोन सहाय्यकांचे निकाल जुळेनात. चार महिने आम्ही पेशींना दोष देत होतो. शेवटी उलगडा झाला, की त्यांतील एकजण हाताला सोयीचे म्हणून बशी पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवीत होता. आमच्या नोंदवहीत ‘अंतर’ हा रकानाच नव्हता. आमच्या केवळ पेशी वाया गेल्या. प्रयोग उंदरांवर असता, तर कितीतरी जीव हकनाक गेले असते.

हर्मन म्युलर यांनी १९२७ साली क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडवून दाखवली, तेव्हा प्रारणाचे सर्वमान्य एककच नव्हते. रॉन्टजेन हे एकक १९२८ साली स्टॉकहोमच्या परिषदेत ठरले. त्यांना ती सबब होती, आपल्याला नाही. या प्रश्नावर २०११ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत एक कार्यशाळाही झाली. भारतात प्रारण मापनाची राष्ट्रीय मानके भाभा अणुसंशोधन केंद्र सांभाळते. म्हणजे पडताळ्याची सोय आहे. हवी ती सवय.

मागणी फार मोठी नाही. स्रोत कोणता, क्ष-किरण असतील तर व्होल्टता व गाळणी कोणती, अंतर किती, दर मिनिटाला मात्रा किती, भांडे कसले व त्यातील द्रवाची खोली किती, कोणत्या उपकरणाने मोजले, त्याचा पडताळा केव्हा झाला आणि अनिश्चितता किती, एवढे लिहावे. चार-पाच ओळी पुरतात.

शिक्षकांनी ही सवय शाळेतच लावावी. विद्यार्थ्याने प्रयोगवहीत एखादा आकडा लिहिला, की ‘बरोबर की चूक?’ विचारण्याआधी ‘कशाने मोजलास?’ असे विचारावे. उद्याचा संशोधक या प्रश्नातूनच घडेल.