बुडीत खाती

माझी कादंबरी प्रसिद्ध होऊन आता तीन वर्षं झाली. ‘प्रसिद्ध’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. छापून झाली, एवढंच मला म्हणायचं आहे. प्रती पाचशे. खर्च माझा, प्रकाशक मी, मुद्रितं तपासणारा मी आणि, सौ.च्या मते, वाचकही मीच. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे हिशेब चोख ठेवला आहे. १२० प्रती सप्रेम भेट, ६३ विकल्या, ११ एका दुकानात विक्रीसाठी ठेवल्यात आणि उरलेल्या ३०६ आमच्या दिवाणात. पाहुणे आले की त्यावरच झोपतात. आमचे एक मेव्हणे म्हणाले, पाठीला बरं वाटतं. हा मला मिळालेला पहिला अनुकूल अभिप्राय.

आता, स्वतःचं पुस्तक खपत नसलं की माणूस दुसऱ्यांची का खपतात याचा अभ्यास करायला लागतो. मराठीतली बरीचशी समीक्षा अशीच जन्माला आली असावी. मीही ग्रंथालयाची वर्गणी भरली आणि कामाला लागलो.

पहिला संशय अर्थातच जाहिरातीवर. पण साने गुरुजींची ‘श्यामची आई’ घ्या. लिहिली नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. छापली १९३५ साली. लेखक कैदी, नायिका आई, घरात दारिद्र्य आणि शेवटी मृत्यू. खून नाही, प्रेमप्रकरण नाही. आजच्या एखाद्या विक्री-तज्ज्ञाकडे हे हस्तलिखित नेलं तर तो चहा पाजून परत पाठवील. आणि ती श्यामची आई अजून घरोघरी आहे!

दुसरा संशय बक्षिसांवर. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली आली, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचं बक्षीस आणि १९७४ साली ज्ञानपीठ. म्हटलं, सापडलं! पण अशीच मोठमोठी बक्षिसं मिळूनही ज्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत, अशीही पुस्तकं मी त्याच ग्रंथालयात हाताळली. नावं सांगत नाही. लेखकमंडळी कुठल्या ना कुठल्या बँकेची ठेवीदार असतात.

तिसरा संशय सिनेमावर. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ १९८२ सालची. सिनेमा आला २०१३ साली, म्हणजे लेखक जाऊन दहा वर्षं झाल्यावर. सिनेमानंतर ती नव्या पोरांनी उचलली हे खरं. पण त्याआधीची तीस वर्षं ती वाचनालयांतून फाटतच होती, म्हणून तर सिनेमावाल्यांना ती दिसली. सिनेमामुळे पुस्तक चाललं म्हणणं म्हणजे व्याज मिळालं म्हणून मुद्दल ठेवलं, असं म्हणण्यापैकी आहे.

आणि हे ‘आवृत्ती’ प्रकरण तर आमच्यासारख्या खातेवहीवाल्या माणसाला झोप येऊ देत नाही. मुखपृष्ठावर ‘आठवी आवृत्ती’ म्हणतात. पण आवृत्ती कितीची? हजाराची, पाचशेची की, आता यंत्रावर हव्या तेवढ्या प्रती निघतात म्हणून, पन्नासाची? बँकेच्या ताळेबंदाला निदान ऑडिटर तरी असतो. पन्नासाचीच धरायची तर माझीसुद्धा दहावी आवृत्ती आहे. फक्त ती एकाच दिवशी निघाली.

शेवटी मी संशय सोडून दिले आणि पुस्तकंच वाचायला घेतली. (हे आधी करायला हवं होतं, पण समीक्षेत तशी पद्धत नाही.)

‘मृत्युंजय’ पुन्हा वाचली. १९६७ सालची, शिवाजी सावंत तेव्हा कोल्हापुरात शाळेत शिकवत होते. शेवट काय होणार हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक: रथाचं चाक जमिनीत रुतणार. बरं, दोषही आहेत. कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात, पण सगळे एकाच भाषेत. सारथ्याचा धाकटा मुलगा आणि हस्तिनापूरचा युवराज, दोघांच्याही तोंडी तीच भरजरी वाक्यं. सूर्य तर एकदाही साधा उगवत नाही. हे सगळं मी पेन्सिलीनं टिपून ठेवत होतो. रात्री दीडच्या सुमाराला लक्षात आलं की पेन्सिल कधीच खाली पडली आहे आणि आपले डोळे ओले आहेत. सौ.नं विचारलं, “काय झालं हो?” म्हटलं, “काही नाही. प्रमोशनचं आठवलं.”

म्हणजे बघा, लायकी असून डावलला गेला, तो कर्ण. आमच्या शाखेत बावीस माणसं आहेत, त्यांतले एकवीस कर्ण आहेत. उरले शाखाधिकारी, त्यांनाही विभागीय कार्यालयानं डावललंय असं ऐकतो, तेव्हा तेही आलेच. एवढं सैन्य असल्यावर आवृत्त्या निघणार नाहीत तर काय!

रणजित देसाईंच्या ‘स्वामी’चंही तेच. माधवराव पेशवे १७७२ साली थेऊरला गेले, वय अवघं सत्तावीस. ते वाचताना रडू येतं ते खरंच. पण पुस्तकभर आपण दात-ओठ खातो ते राघोबादादांवर. कारण प्रत्येक मराठी कुटुंबात गावाकडची जमीन असते आणि तिच्यावर एक काका असतात.

त्या रात्री मी दिवाण उघडला आणि माझी कादंबरी वाचायला बसलो. परक्याची म्हणून. भाषा शुद्ध होती. व्याकरणाची एकच चूक सापडली. पण नायक असा होता की त्याला जे दुःख होतं ते फक्त मलाच होऊ शकलं असतं. त्याच्या आठवणी, त्याचा अपमान, त्याची पहिली मुलगी (सौ.नं हे प्रकरण वाचलेलं नाही, ही एक सोय झाली) सगळं माझंच. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून मी गाडीतल्या झाडून सगळ्या जागा धरून ठेवल्या होत्या. दुसरा कोणी बसणार कुठे?

अर्थात जागा असली म्हणून सगळेच बसतील असंही नाही. ‘कोसला’तल्या पांडुरंग सांगवीकराशेजारी मला दहा मिनिटंसुद्धा टेकता आलं नाही. पुतण्यानं मात्र ती होस्टेलवर तीनदा वाचली. प्रत मी विकत घेतलेली. ती अजून होस्टेलवरच आहे.

आणि इथे माझ्यातला बँकवाला जागा झाला. ‘मृत्युंजय’च्या माझ्या स्वतःच्या दोन प्रती लोकांकडे बुडाल्या आहेत. पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’च्या किती बुडाल्या, तो हिशेब मी माफ करून टाकला. कर्ज बुडालं तर आमच्याकडे चौकशी लागते. पुस्तकांच्या धंद्यात उलटं. जे परत येत नाही तेच पुस्तक चाललं म्हणायचं. माझी कादंबरी मी आजवर चौदा जणांना वाचायला दिली. तेरा प्रती परत आल्या. वेळेवर. दोन तर वर्तमानपत्राचं कव्हर घालून आल्या, आणि शेजारच्या काकूंनी व्याजासकट फेड केली: कादंबरी आणि वर बेसनाचे सहा लाडू. लाडू उत्तम होते. कादंबरीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

चौदावी प्रत आमच्या बँकेच्या दारावरच्या सुरक्षारक्षकांकडे आहे. माजी सैनिक, आम्ही त्यांना सुभेदार म्हणतो. “साहेब, वाचायला काही असलं तर द्या,” म्हणाले, म्हणून दिली. आठ महिने झाले. मी रोज सकाळी राम राम करतो, पावसाविषयी बोलतो, गुडघ्याची चौकशी करतो. पुस्तकाचं नाव काढत नाही.

गेल्या सोमवारी त्यांनीच हाक मारली. “साहेब, ते तुमचं पुस्तक...”

“असू द्या, असू द्या! घाई नाही,” मी म्हटलं आणि झपझप काउंटरवर जाऊन बसलो.