सुधाकरानंतरचा अंक

मराठी वाङ्मयांतील दारुडा म्हटला कीं आमच्या डोळ्यांपुढें अजून सुधाकरच उभा राहतो. गडकरी १९१९ च्या जानेवारींत निवर्तले आणि त्याच वर्षीं ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीनें रंगभूमीवर आणला. बालगंधर्वांची सिंधू पाहून ज्यांनीं डोळे पुसले त्यांचीं पणतवंडें आज तेंच नाटक वर्गांत अभ्यासतात, आणि दारूविषयीं बोलूं लागलें कीं आमची भाषा अद्यापि तेथूनच उसनी येते. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ त ज्या सांगलींत ‘सीतास्वयंवर’ उभें केलें, ज्या सांगलीच्या शेजारीं हरिपुरास देवल जन्मले, तेथें आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्या मास्तरास तर दुसरी भाषा सुचतच नाहीं.

पण सुधाकर अखेर विष पितो व पडदा पडतो. जो दारुडा मरत नाहीं, ज्याला भाऊ नाहीं तर बायको हाताला धरून व्यसनमुक्ति केंद्रांत नेऊन सोडते, आणि जो महिना-सवामहिन्यानें पिशवी घेऊन घरीं परततो, त्याचा अंक कोणी लिहिला आहे काय?

या प्रश्नाचें उत्तर देतांना पहिलें नांव घ्यावें लागतें तें अनिल अवचट यांचें. गर्दच्या व्यसनावरील त्यांचे लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झालीं, त्यांनीं देणगी देऊं केली, आणि १९८६ त पुण्यास येरवड्याला ‘मुक्तांगण’ निघालें. लेखांतून संस्था उभी राहिल्याचें असें उदाहरण आमच्या वाङ्मयांत क्वचितच आढळेल. पुढें त्यांनीं ‘मुक्तांगणची गोष्ट’ लिहिली. तिची भाषा ओसरीवर बसून सांगितल्यासारखी साधी आहे. व्यसनी माणसाविषयीं तींत ना तुच्छता आहे ना रडारड. डॉ. सुनंदा अवचट या त्या गोष्टीच्या खऱ्या नायिका. रुग्णाला गुन्हेगार न मानतां पाहुण्यासारखें वागवावें, ही त्यांची रीत पुस्तकभर दरवळते. इतकें मान्य करूनहि आम्हांस एक उणें दिसतें. ही गोष्ट संस्थापकाच्या मुखांतून आलेली आहे. घसरलेल्यांचे उल्लेख तींत आहेत. परंतु रुग्ण आपल्यापर्यंत येतो तो सांगणाऱ्याच्या मायेंतून गाळून. रात्रीं तीन वाजतां हात थरथरत असतांना, शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीशीं बोलत असतांना, तो स्वतःशीं काय म्हणत होता हें त्यालाच ठाऊक.

साताऱ्याची गोष्ट निराळी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनीं तेथें ‘परिवर्तन’ हें व्यसनमुक्तीचें काम उभें केलें. हे गृहस्थ साताऱ्याचे, कांहीं काळ सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयाचे विद्यार्थी, वैद्यक शिकले मिरजेस. अंधश्रद्धेविरुद्धच्या लढ्यामुळें त्यांचें नांव झालें, आणि २०१३ च्या ऑगस्टांत पुण्यांत त्यांची हत्या झाली. तेव्हांपासून लोक त्यांना त्या लढ्यासाठींच स्मरतात. पण दारुड्याला ‘सोडून दे’ असा उपदेश करणें आणि त्याच्या आजाराचा विचार करणें यांतील भेद त्यांनीं जाणला होता, हेंहि विसरूं नये. कृष्णा साताऱ्याच्या डोंगरांतून निघून सांगलीस येते. आमच्या ओळखीचे निदान तिघे व्यसनी या नदीच्या उलट दिशेनें गेलेले आम्हीं पाहिले.

येथें गडकऱ्यांना थोडा न्याय देणें अवश्य आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, कामाच्या शोधार्थ प्रतिष्ठितांच्या दारीं जातो, अपमान होतो, आणि तो पुन्हां पेल्याकडे वळतो. केंद्रांतील मंडळी ज्याला ‘स्लिप’ म्हणतात तिचें याहून खरें चित्र आम्हीं मराठींत वाचलेलें नाहीं. उलट तळीरामाचें आर्यमदिरामंडळ त्यांनीं निव्वळ थट्टेसाठीं योजलें. दारुड्यांची मंडळी जमते ती दारू पिण्यासाठींच, असें तेव्हां कोणासहि वाटलें असतें. नंतर सोळाच वर्षांनीं, १९३५ त, अमेरिकेंतील ॲक्रन गांवीं एक दलाल व एक डॉक्टर, दोघेहि दारुडे, एकमेकांशीं बोलत बसले आणि त्यांतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हें दारुड्यांचेंच मंडळ निघालें. पण न पिण्यासाठीं! तळीरामाला हें कळतें तर त्यानें ठराव मांडून निषेध केला असता.

त्या मंडळानें जगाला एक वाङ्मयप्रकारहि दिला: उभें राहायचें, नांव सांगायचें, ‘मी दारुडा आहे’ असें म्हणायचें, आणि आपली कथा सांगायची. आमच्याकडील निवासी केंद्रांनीं तो उचलला. आम्हीं अशा बैठकीस बसलों आहों. पहिल्या तीन कथांनीं आम्ही हादरलों. आठव्या कथेपर्यंत मात्र सांचा दिसूं लागला. पहिला घोट मित्रासंगें, मग बायकोचें मंगळसूत्र, मग गटार, मग केंद्राचें दार, मग प्रकाश. वाल्याचा वाल्मीकि होण्याची ही कथा आम्ही कीर्तनांत ऐकत आलों, म्हणून ती कानाला गोड लागते. मंगळसूत्र जिचें गेलें ती मागच्या रांगेंत बसलेली असते. तिला कोणी उभें करीत नाहीं. जो बाराव्या दिवशीं भिंतीवरून उडी टाकून पळाला, त्याची कथा तर सांगायला कोणी नसतोच. आणि ज्यांना केंद्राच्या नांवाखालीं कोंडून मारझोड झाली ते? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें दारूच्या व अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशीं जोडलेल्या मानसिक अवस्थाहि आपल्या कक्षेंत घेतल्या, अमानुष वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क रुग्णाला दिला. वाङ्मयानें त्यांची साक्ष अजून पुरतेपणीं घेतलेली नाहीं.

हा सांचा केवळ रसिकतेला खटकतो असें असतें तर आम्हीं लेखणी उचललीच नसती. आमचा एक जुना विद्यार्थी दुसऱ्यांदा केंद्रांत राहून आला तो एक वही घेऊन. तेथें रोज लिहावें लागे. वही अप्रतिम होती: फोन काढून घेतल्यावर खिशाकडे वारंवार जाणारा हात, पोळ्या लाटण्याच्या पाळीवर झालेलें भांडण, भेटीच्या दिवशीं मुलीनें ‘बाबा, तुमचा वास बदलला’ असें म्हणणें. ‘सर, कशी वाटली?’ त्यानें विचारलें. आम्ही पडलों टीकाकार. म्हणालों, ‘सर्व उत्तम, फक्त शेवट नाहीं.’ त्यानें आठ दिवसांत अकरा पानांचा शेवट लिहून आणला. त्यांत तो कायमचा मुक्त झाला होता. आम्हीं शाबासकी दिली, चार मित्रांना वाचूनहि दाखविला.

डी क्विन्सीचें आम्हांस तेव्हां स्मरण व्हावयास हवें होतें. अफूबाजाचा आत्मवृत्तान्त त्यानें १८२१ त एका मासिकांतून छापला व अखेरीस बेडी जवळजवळ तुटल्याचें सांगितलें. अफू त्याला जन्मभर सुटली नाहीं. तें पुस्तक आम्हीं किती वर्षें शिकविलें!

पांचव्या महिन्यांत आमचा विद्यार्थी घसरला. केंद्रांत परत जाण्यास तो सात महिने तयार होईना. कारण विचारलें तेव्हां म्हणाला, ‘सर, तो शेवट वाचलेल्यांना तोंड कसें दाखवूं?’ त्या सात महिन्यांत त्याची नोकरी गेली.

गेल्या आषाढांत तो घरीं आला. पाणी प्याला, वही मागितली. शेवटचीं अकरा पानें आमच्या देखत हलकेच सोडवून त्यानें टेबलावर ठेवलीं, मागें किती कोरीं पानें उरलीं तें मोजलें, आणि दुपारची साताऱ्याची गाडी किती वाजतां आहे असें आम्हांस विचारलें.