तिकिटाखालचा आकडा

लपाछपीत ज्याच्यावर राज्य येतं तो एकटा शोधतो आणि बाकीचे लपतात. डबा ऐसपैसमध्येही तेच. 'स्कॉटलंड यार्ड' या पटावरच्या खेळाने ही मांडणी उलटी केली. इथे लपणारा एक, शोधणारे डिटेक्टिव्ह पाचांपर्यंत. आणि लपायचं कुठे, तर सगळ्यांच्या नाकासमोर अंथरलेल्या लंडनच्या नकाशात. मिस्टर एक्स नावाचा हा फरारी आपल्या शेजारी मांडी घालून बसलेला असतो, आपलं सगळं बोलणं ऐकत असतो, पण पटावर त्याची सोंगटी नसते.

जर्मनीतल्या रॅव्हन्सबर्गर कंपनीने हा खेळ १९८३ साली काढला. सहा जणांनी मिळून रचलेल्या या खेळाला त्याच वर्षी 'श्पील देस यारेस' हा तिथला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे फनस्कूलच्या पेटीतून तो आला आणि कितीतरी घरांत मे महिन्याच्या सुट्टीतल्या दुपारींचा झाला. आमच्या पेटीचे कोपरे चिकटपट्टीने सांधलेले आहेत. हरवलेल्या टॅक्सीच्या तिकिटांच्या जागी पिवळ्या घोटीव कागदाचे तुकडे आहेत. खेळ मात्र तीस वर्षांत जुना झालेला नाही. असं का, याचा मी बराच विचार केला आहे.

पटावर १ ते १९९ असे क्रमांक दिलेले थांबे आहेत. टॅक्सी पुढच्याच नाक्यापर्यंत नेते, बस जरा लांब, आणि अंडरग्राउंड एका झेपेत शहराच्या दुसऱ्या भागात. प्रत्येक डिटेक्टिव्हला मोजकी तिकिटं मिळतात, आमच्या पेटीत टॅक्सीची १०, बसची ८ आणि अंडरग्राउंडची ४. मिस्टर एक्स दर चालीला आपल्या नव्या थांब्याचा क्रमांक एका नोंदपट्टीवर लिहितो आणि ज्या वाहनाने गेला त्याचं तिकीट त्या आकड्यावर ठेवून तो झाकतो. म्हणजे तो कसा गेला हे सगळ्यांना दिसतं. कुठे गेला, हे तिकिटाखाली असतं. तिसऱ्या, आठव्या, तेराव्या आणि अठराव्या चालीला त्याला पटावर प्रकट व्हावंच लागतं.

या खेळाचा सगळा रस त्या नोंदपट्टीत आहे. लपणं हा खेळाचा वरवरचा अर्थ झाला. खरा खेळ वाचनाचा आहे. समजा तिसऱ्या चालीला तो ५१ वर दिसला. चौथ्या चालीला त्याने टॅक्सी घेतली. आता तो आसपासच्या चार-सहा थांब्यांपैकी कुठेही असू शकतो, आणि डिटेक्टिव्ह हळहळतात. मग पाचव्या चालीला तो अंडरग्राउंडचं तिकीट ठेवतो. नवखा खेळाडू म्हणतो, "गेला, लांब निघून गेला." मुरलेला खेळाडू आधी मागे बघतो. ५१ पासून टॅक्सीने जिथे जिथे पोचता येतं, त्यांत अंडरग्राउंडचं स्टेशन एकच आहे, ६७. म्हणजे एका चालीपूर्वी तो ६७ वर होता, यात शंका उरली नाही. आणि ६७ वरून अंडरग्राउंड चारच ठिकाणी जाते: १३, ७९, ८९ आणि १११. त्यांतल्या एकावर आपला माणूस उभा असेल तर राहिले तीन. पळून जाण्यासाठी घेतलेल्या तिकिटानेच त्याचा आधीचा मुक्काम उघड केला. पुढची चाल मागच्या चालीवर प्रकाश टाकते, चांगल्या कथेतलं शेवटचं वाक्य पहिल्या वाक्याला नवा अर्थ देतं तशी. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बारा वर्षांचा असेन. अंगावर काटा आला होता, एवढं आठवतं.

दोन दर्शनांमध्ये पाच चालींचं अंतर का ठेवलं असेल? पुन्हा पुन्हा खेळल्यावर ते समजत जातं. दिसल्यानंतरच्या पहिल्या चालीला आपल्याला जवळजवळ सगळं ठाऊक असतं. दुसरीला शक्यता फुटतात. तिसरीला बोटं पटावर पसरतात. चौथीला नुसते तर्क आणि निव्वळ श्रद्धा. आणि पाचवीला, नेमकं आपलं ज्ञान विरून जाण्याच्या बेताला, तो पुन्हा दिसतो. हे अंतर तीन चालींचं असतं तर मिस्टर एक्स बिचारा ठरला असता, आठांचं असतं तर डिटेक्टिव्ह कंटाळले असते. ही लय ज्यांनी बांधली त्यांना दाद द्यावीशी वाटते.

मिस्टर एक्सजवळ काळी तिकिटंही असतात, जितके डिटेक्टिव्ह तितकी. काळं तिकीट ठेवलं की वाहनसुद्धा कळत नाही. शिवाय थेम्स नदीवर १०८, ११५, १५७ आणि १९४ या चार थांब्यांना जोडणारी बोट आहे, ती फक्त काळ्या तिकिटावर मिळते. त्यामुळे नदीकाठी पडलेलं काळं तिकीट आणि शहराच्या मध्यभागी पडलेलं काळं तिकीट यांचा अर्थ वेगळा. बोट खरंच घेतली, की बोट घेतली असं आपल्याला वाटावं म्हणून काळं तिकीट टाकून तो टॅक्सीनेच शेजारच्या नाक्यावर गेला? लागोपाठ दोन चाली करू देणाऱ्या दुहेरी चालीचंही तसंच. ती आणीबाणीसाठी राखून ठेवायची असं मुलांना वाटतं. जाणता एक्स ती आठव्या चालीलाच खर्च करतो. प्रकट होतो आणि कोणी हलायच्या आत नवव्या चालीने पुन्हा अदृश्य होतो. दर्शन दिलं, पण ते शिळं करून.

डिटेक्टिव्हनी वापरलेली तिकिटं मिस्टर एक्सला मिळतात, हा नियम मला सगळ्यांत सुंदर वाटतो. घाईने केलेली प्रत्येक धाव त्याच्या पळण्याला बळ देते. शेवटी शेवटी हातात दोनच बसची तिकिटं उरलेला डिटेक्टिव्ह टॅक्सीच्या नाक्यावर अडकून पडतो आणि दोन थांब्यांवरून फरारी निघून जातो. सुरुवातीची उधळपट्टी अशी वीस चालींनी समोर येते.

पटाभोवती आणखी एक खेळ चाललेला असतो. डिटेक्टिव्हनी मसलत करायची ती फरारी माणसाच्या देखत. आम्ही भावंडं त्यासाठी च-च्या भाषेत बोलायचो, पण एक्सलाही ती भाषा येत असल्यामुळे शेवटी खाणाखुणांवर यावं लागे. तिकडे एक्सला सांभाळायचे असतात स्वतःचे डोळे. नकळत ते आपल्या थांब्याकडे वळतात. म्हणून रॅव्हन्सबर्गरच्या पेटीत त्याच्यासाठी डोळ्यांवर ओढून घ्यायची झापडीची टोपी असते. खेळातलं एक उणंही इथेच आहे. डिटेक्टिव्हमध्ये एखादा मोठ्या आवाजाचा असला की तोच पाचही सोंगट्या चालवतो आणि बाकीचे नुसते तिकिटं देत बसतात. घरातल्या मोठ्यांनी हे सांभाळायला हवं. लहानांना आधी बोलू द्यावं.

मिस्टर एक्स नियमाने वागला की नाही, हे खेळ चालू असताना कोणीही तपासू शकत नाही. सगळा डोलारा त्याच्या सचोटीवर उभा. माझी भाची दहा वर्षांची असताना पहिल्यांदाच एक्स झाली होती. चौदाव्या चालीपर्यंत आम्हा चौघांना तिने सळो की पळो करून सोडलं होतं. एकाएकी तिने टोपी काढून ठेवली. "मामा, मी मघाशी बसने गेले ना, ती बस तिथे जातच नाही. मी रेघ चुकीची बघितली." आम्हाला ते कधीच कळलं नसतं, निदान शेवटापर्यंत तरी. डाव मोडला. पुन्हा मांडला तेव्हा माझ्या आईने, म्हणजे तिच्या आजीने, न विचारता टोपी परत तिच्याच डोक्यावर ठेवली.

या जातीचे खेळ पुढे पुष्कळ आले. २०११ सालच्या 'लेटर्स फ्रॉम व्हाइटचॅपल'मध्ये तर एकेक थांबा विचारत माग काढावा लागतो. तो अधिक गडद, अधिक जड खेळ आहे आणि मोठ्यांनी तो जरूर खेळावा. पण आजी आणि दहा वर्षांची नात एकाच पटाशी बरोबरीने बसतील असा खेळ मला 'स्कॉटलंड यार्ड'च वाटतो.

एक विनंती आहे. एक्स सापडला किंवा निसटला की पट लगेच गुंडाळू नका. त्याला नोंदपट्टी मध्ये ठेवायला सांगा आणि एकेक तिकीट उचलत सगळा प्रवास पटावर पुन्हा चालवा. सातव्या चालीला तो आपल्या शेजारच्याच थांब्यावर होता, हे तेव्हाच कळतं. आमच्याकडे या वाचनाला डावाइतकाच वेळ लागतो.